टाकींत पेट्रोल आणि इंजिन उपाशीं

पंचवीस-तीस वर्षांपूर्वीं ज्यांनीं स्कूटर वापरली असेल त्यांना एक दृश्य खात्रीनें आठवत असेल. भर रस्त्यांत गाडी गचके खाऊन बंद पडे. गृहस्थ खालीं उतरत, आणि एखादा कुळाचार करावा तशा गंभीरपणें ती जड गाडी एका अंगावर कलती करून क्षणभर तशीच धरीत. मग सरळ उभी करून किक मारली कीं ती पुन्हां सुरू होई व जवळच्या पंपापर्यंत निमूटपणें येई. पिशव्या सांभाळीत रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलेल्या गृहिणीलाहि यांत नवल वाटत नसे. टाकींत पेट्रोल होतेंच. तें एका कोपऱ्यांत साचलें होतें, आणि नळीचें तोंड दुसरीकडे होतें, इतकेंच.

टाकींत पेट्रोल असणें आणि इंजिनाच्या तोंडीं पेट्रोल असणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. हें वाक्य ऐकावयास पोरकट वाटतें. पण याच भेदापायीं एका महायुद्धांत वैमानिकांचे प्राण गेले आहेत, आणि मोटारीच्या इतिहासांत हा भेद एकदां विसरला जाऊन पुन्हां मोठ्या खर्चानें शिकावा लागला आहे. आज त्याच इतिहासाविषयीं दोन शब्द सांगावयाचे आहेत.

यंत्रशास्त्राची पदवी मजजवळ नाहीं. मी आयुष्यभर शाळेंत गणित आणि भूगोल शिकविला. या विषयांत मी पडलों तो एका जुन्या विद्यार्थ्यामुळें. वाईस त्याचा मोटारदुरुस्तीचा कारखाना आहे. साठ-पासष्ट वर्षांपूर्वींची एक सुबक मोटार त्यानें विकत घेतली, तिचें झिजलेलें इंजिन काढून त्या जागीं आधुनिक इंजेक्शन-पद्धतीचें इंजिन बसविलें, आणि हौसेनें आईला घेऊन पसरणीचा घाट चढूं लागला. मधल्या एका वळणावर इंजिन एकाएकीं गेलें. चढावर गाडी दोन हात मागें घसरली. मागून मालमोटार येत होती. ब्रेक लागले म्हणून निभावलें. पुढें महिनाभर त्यानें सारें तपासून पाहिलें आणि एके दिवशीं माझ्याकडे येऊन म्हणाला, “सर, गाडी उजव्या वळणावर मरते, डाव्या वळणावर मरत नाहीं, आणि तेंहि टाकी पावाच्या खालीं गेली म्हणजेच. जुन्या इंजिनावर हें कधींच होत नव्हतें. हें गणित माझ्याच्यानें सुटत नाहीं.” शिक्षकाला याहून अधिक गोड निमंत्रण कोणतें असणार?

पेट्रोलच्या इंजिनाला नुसतें पेट्रोल चालत नाहीं. वजनानें सुमारें पंधरा भाग हवा आणि एक भाग पेट्रोल असें मिश्रण त्याला लागतें. हें मिश्रण करण्याचें काम जवळजवळ शंभर वर्षें कार्ब्युरेटर नांवाच्या उपकरणानें केलें. जर्मनींतील विल्हेल्म मायबाख यानें १८९३ च्या सुमारास त्याला जें रूप दिलें तेंच मुख्यतः पुढें टिकून राहिलें. त्याचें मर्म एका लहानशा वाटींत आहे. टाकींतून आलेलें पेट्रोल प्रथम या वाटींत सांठतें. वाटींत एक पोकळ फ्लोट तरंगत असतो. पातळी वाढली कीं तो वर उचलला जातो व पेट्रोलची वाट बंद करतो, पातळी उतरली कीं वाट उघडतो. आपल्या घराच्या गच्चीवरील पाण्याच्या टाकींत जो बॉलकॉक असतो तोच हा प्रकार. वाटींतील पेट्रोल मग बारीक छिद्रांतून हवेच्या झोताबरोबर ओढलें जाऊन इंजिनांत जातें.

वाटी पातळी राखण्याकरितां आहे असेंच सर्व पुस्तकांतून सांगितलेलें असतें. परंतु ती आणखी एक काम मुकाट्यानें करीत होती. इंजिनाच्या उंबऱ्यावर तिनें अर्धा कप पेट्रोल सदैव भरून ठेविलेलें असे. वळणावर मागची टाकी क्षणभर कोरडी पडली, पंपानें हवेचा एक घोट गिळला, तरी ती हवा वाटींत येऊन वर निघून जाई आणि इंजिन तळाचें पेट्रोल पीत राही. या दुसऱ्या कामाची कोणी दखल घेतली नाहीं, कारण तें कधीं चुकलें नाहीं.

आतां १९४० सालाकडे वळूं. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत इंग्लंडच्या आकाशांत जें युद्ध झालें त्यांत ब्रिटिशांचीं स्पिटफायर व हरिकेन हीं दोन्ही लढाऊ विमानें रोल्स-रॉइस कंपनीच्या मर्लिन इंजिनावर चालत. बारा सिलिंडरांचें, सत्तावीस लिटरांचें तें इंजिन खरोखर अप्रतिम होतें. पण त्याला पेट्रोल पोहोंचविणारा कार्ब्युरेटर आपल्या मोटारींतल्याप्रमाणेंच वाटीचा व फ्लोटचा होता. समोरच्या जर्मन मेसरश्मिट १०९ विमानांत डाइम्लर-बेन्झचें डी. बी. ६०१ हें इंजिन होतें, आणि त्यांत कार्ब्युरेटरच नव्हता. डिझेल इंजिनाकरितां बॉश कंपनीनें १९२७ पासून जे इंजेक्शन-पंप मोठ्या प्रमाणावर बनविण्यास आरंभ केला होता, त्याच जातीच्या पंपानें प्रत्येक सिलिंडरांत मोजून पेट्रोल फवारलें जाई.

ब्रिटिश यंत्रज्ञांना इंजेक्शन ठाऊक नव्हतें असें समजूं नये. त्यांनीं हिशेब करून कार्ब्युरेटर पसंत केला होता. सुपरचार्जरच्या आधीं पेट्रोल हवेंत मिसळलें म्हणजे त्याच्या बाष्पीभवनानें हवा थंड होते, थंड हवा अधिक मावते, आणि इंजिनाची शक्ति वाढते, असा तो हिशेब. तो बरोबरहि होता. चुकलें तें इतकेंच कीं हा हिशेब सरळ उडणाऱ्या विमानाचा होता, आणि पाठलागांत विमान सरळ उडत नाहीं.

जर्मन वैमानिक संकटांत सांपडला म्हणजे विमानाचें नाक एकदम खालीं दाबी आणि सूर मारी. झोपाळा वरच्या टोकाहून खालीं येतांना पोटांत जो खड्डा पडतो त्याच्या अनेक पट प्रकार येथें होतो. वैमानिक आसनावरून वर उचलला जातो, आणि त्याच्याबरोबर वाटींतील पेट्रोलहि उसळून झांकणाला चिकटतें. छिद्रें तळाशीं, पेट्रोल छताशीं. ब्रिटिश वैमानिकानें तसाच सूर मारला कीं त्याचें इंजिन तत्काळ उपाशीं पडे. ही झाली पहिली अवस्था, दीड-दोन क्षणांची. पुढची अवस्था अधिक वाईट होती. फ्लोट उलट दिशेला गेल्यामुळें पेट्रोलची वाट सताड उघडी राही, पंप आपल्या पूर्ण बळानें वाटी भरून टाकी, आणि उपाशीं इंजिनाला आतां अजीर्ण होई. काळा धूर सोडून तें बंदच पडे. तेवढ्यांत पुढचा शत्रु निसटून जाई. मागें शत्रु असेल तर काय होई तें सांगावयास नको.

वैमानिकांनीं यावर तोड काढली होती. नाक खालीं न दाबतां विमान आधीं अर्धें उलटें करावयाचें व मग दांडा मागें ओढून सूर मारावयाचा. म्हणजे पेट्रोल वाटीच्या तळाशींच दाबलेलें राही. परंतु त्यांत क्षण जात, आणि त्या धंद्यांत क्षणांना फार किंमत होती. फ्रान्समध्यें हातीं लागलेल्या एका मेसरश्मिटची १९४० मध्यें फार्नबरो येथील सरकारी विमान-संशोधनसंस्थेंत परीक्षा झाली, तेव्हां हा फरक कागदावरहि उतरला.

त्याच संस्थेंत बिअॅट्रिस शिलिंग नांवाची एक इंजिनियर होती. हिच्याविषयीं थोडें सविस्तर बोललें पाहिजे, कारण आपल्याकडे तिचें नांव फारसें कानावर येत नाहीं. तिचा जन्म १९०९ चा, हॅम्पशायर परगण्यांतला. मँचेस्टरच्या विद्यापीठांत तिनें विद्युत्-यंत्रशास्त्राची पदवी १९३२ मध्यें घेतली; त्या काळीं त्या वर्गांत मुलगी म्हणजे अपवादच. मोटारसायकलच्या शर्यतींचा तिला नाद होता. ब्रुकलंड्सच्या मार्गावर ताशीं शंभर मैलांहून अधिक वेगानें फेरी पुरी करणाराला सोन्याचा तारा मिळे. तो तिनें १९३४ मध्यें नॉर्टन गाडीवर मिळविला. म्हणजे इंजिनाचा जीव कशांत आहे हें तिला पुस्तकाबाहेरहि ठाऊक होतें. १९३६ मध्यें ती फार्नबरोस आली आणि कार्ब्युरेटरच्या कामावर लागली.

तिनें काढलेला उपाय पाहून आपण कदाचित् निराश व्हाल. तो म्हणजे पितळेचा, मध्यें भोंक असलेला, शिवणकामाच्या अंगुस्तान्याएवढा एक तुकडा. पुढें त्याची नुसती चपटी चकतीच झाली. विचार असा : इंजिन पूर्ण शक्तीनें चालूं लागलें तरी त्याला अमुक इतकेंच पेट्रोल लागतें. मग कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या नळींत बरोबर तेवढेंच पेट्रोल जाईल असें भोंक ठेवावें. वाट सताड उघडी राहिली तरी गरजेहून अधिक पेट्रोल येणारच नाहीं, आणि अजीर्ण टळेल. पहिल्या अवस्थेंतील क्षणभराचा खोकला यानें जात नव्हता, आणि विमान बराच वेळ उलटें उडविणें तर शक्यच नव्हतें. पण इंजिन समूळ बंद पडण्याचें भय गेलें. इंजिनाच्या शक्तीप्रमाणें चकत्या दोन मापांच्या केल्या होत्या. मोठी गोष्ट ही कीं त्या बसविण्याकरितां विमान कारखान्यांत न्यावें लागत नसे. १९४१ च्या आरंभीं शिलिंग आपली लहानशी तुकडी घेऊन विमानतळामागून विमानतळ हिंडली, आणि मार्चपर्यंत लढाऊ दलांतील विमानांना चकत्या बसल्या. सैनिकांनीं त्या भोंकाला ‘मिस शिलिंगचें’ असें नांव देऊन त्यावर थोडी शिपाईछाप थट्टाहि केली. वास्तविक तिचें लग्न १९३८ मध्येंच झालें होतें. परंतु थट्टेला ‘मिस’ अधिक सोयीचें पडलें असावें.

चकती कायमचा उपाय नव्हती. अमेरिकन बेंडिक्स-स्ट्रॉमबर्ग बनावटीचा कार्ब्युरेटर मर्लिनच्या नव्या नमुन्यांवर आला, त्यांत फ्लोटची वाटीच नव्हती. दाबाखालीं पेट्रोल फवारलें जाई, आणि नाक कोठेंहि असलें तरी इंजिन चालत राही. तोंपर्यंतचीं वर्षें त्या पितळी चकतीनें निभावलीं. आपल्या हवाई दलाच्या तुकड्यांनींहि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर मर्लिनचींच हरिकेन विमानें चालविलीं. १९४४ मध्यें इंफाळच्या लढाईंत अर्जनसिंग यांच्या हाताखालील पहिल्या स्क्वाड्रनजवळ हींच होतीं. शिलिंग १९६९ पर्यंत फार्नबरोस राहिली, युद्धानंतर पतीसह मोटारींच्या शर्यतींत उतरली, आणि १९९० मध्यें वारली.

या प्रकरणावरून जगानें काय धडा घेतला? हाच कीं वाटी वाईट, इंजेक्शन चांगलें. धडा अर्धा खरा होता.

युद्धानंतर जर्मनींत विमानाचीं इंजिनें करण्यास बंदी होती. तेथील यंत्रज्ञ मोटारींकडे वळले. हान्स शेरेनबर्ग यानें डाइम्लर-बेन्झमध्यें ६०१ च्या इंजेक्शनवर काम केलें होतें. त्यानें प्रथम गुटब्रोड या छोट्या कंपनींत लहानशा मोटारीला इंजेक्शन बसविलें आणि १९५२ मध्यें तो परत डाइम्लर-बेन्झमध्यें आला. फेब्रुवारी १९५४ मध्यें न्यूयॉर्कच्या प्रदर्शनांत मर्सिडीज-बेन्झ ३०० एस. एल. ही मोटार मांडली गेली. दारें पंखाप्रमाणें वर उघडणारी ती गाडी चित्रांत पुष्कळांनीं पाहिली असेल. तिच्या जातीच्या तीन लिटरच्या इंजिनानें मोठ्या घरगुती मोटारींत कार्ब्युरेटरवर ११५ अश्वशक्ति दिली होती. येथें तेंच २१५ देऊं लागलें. सारें श्रेय इंजेक्शनचें नव्हे, पण मोठा वांटा त्याचा. या गाडीचा एक गमतीचा दोष सांगण्यासारखा आहे. चावी बंद केल्यावरहि इंजिन थांबेपर्यंत जे फेरे होत, त्यांत यांत्रिक पंप इमानानें पेट्रोल फवारीत राही. तें जळत नसे, सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून तळच्या तेलांत उतरे व तेल पातळ करी. पुढल्या वर्षीं याच घराण्याच्या, इंजेक्शनच्याच शर्यतीच्या गाडींत स्टर्लिंग मॉस यानें इटलींतील मिले मिलियाची शर्यत, सुमारें १,६०० किलोमीटरचा रस्ता, १० तास ७ मिनिटांत पुरा करून जिंकली.

१९५७ मध्यें अमेरिकेंत शेव्हरोले कॉर्व्हेटला इंजेक्शन मिळालें. १९६७ हें वर्ष विशेष महत्त्वाचें : त्या वर्षीं बॉशची विजेवर नियंत्रण करणारी पद्धति फोक्सवॅगनच्या मोटारींत आली, आणि इंग्लंडांत ट्रायम्फ टी. आर. ५ ही लुकस कंपनीच्या इंजेक्शनसह बाजारांत आली. यानंतर वाटी हळूंहळूं दिसेनाशी झाली. आपल्याकडे हा बदल फार उशीरां, धुराचे नियम कडक झाल्यावर, २००० सालाच्या सुमारास मारुतीसारख्या घरगुती मोटारींत आला.

आणि वाटीबरोबर तो उंबऱ्यावरचा अर्धा कपहि गेला.

येथें फळा असता तर बरें झालें असतें. नसला तरी मनांत एक चित्र काढूं. टाकी ८० सेंटिमीटर रुंद व २० सेंटिमीटर उंच आहे असें धरा. ती पाव भरलेली आहे. म्हणजे तळाशीं ५ सेंटिमीटर पेट्रोल आहे. घाटाचें वळण १५ मीटर त्रिज्येचें आहे आणि गाडी ताशीं ३० किलोमीटर वेगानें वळते आहे. हिशेब केला तर बाहेर फेंकणारा जोर गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ निम्मा भरतो. त्या जोरानें पेट्रोलचा पृष्ठभाग सुमारें साडेसव्वीस अंशांनीं कलतो, आणि सर्व पेट्रोल बाहेरच्या बाजूस त्रिकोण करून चढतें. त्या त्रिकोणाचा पाया किती? बरोबर ४० सेंटिमीटर. उंची २०, म्हणजे टाकीच्या छताला टेकलेली. अर्ध्या टाकीचा तळ उघडा पडला! नळीचें तोंड मध्यभागीं असेल तर तें काठावर आहे. आंतल्या बाजूस असेल तर सपशेल हवेंत आहे. शर्यतीच्या गाडींत हा जोर गुरुत्वाकर्षणाएवढा किंवा त्याहून अधिक होतो. तेव्हां पृष्ठभाग पंचेचाळीस अंशांवर जातो आणि ८० पैकीं ५० सेंटिमीटर तळ कोरडा होतो.

माझ्या विद्यार्थ्याच्या गाडींत नळीचें तोंड टाकीच्या उजव्या टोकाशीं होतें. गाडी उजवीकडे वळली कीं पेट्रोल डावीकडे जाई. त्याच्या कोड्याचा निम्मा उलगडा येथेंच झाला. उरलेला निम्मा, जुनें इंजिन तसेंच वळत असतां कां मरत नव्हतें हा, वाटीच्या इतिहासांत आहे.

कोरडें तोंड इंजेक्शनच्या पंपाला फार लागतें, त्याचें कारणहि समजून घेण्यासारखें आहे. कार्ब्युरेटरला पेट्रोल पुरविणारा पंप दर चौरस इंचास चार-पांच पौंडांचा दाब देई; हवा आली तर खोकून पुढें ढकली. इंजेक्शनला चाळीसएक पौंड लागतात, लुकसच्या पद्धतींत तर शंभराहून अधिक लागत. असले पंप ढकलण्यांत पहिलवान आणि ओढण्यांत दुबळे असतात. शिवाय पेट्रोल हेंच त्यांचें वंगण आणि तेंच त्यांचें थंड पाणी. कोरडे फिरले तर ते झिजतात. आणि नळींतली हवा दबते, पेट्रोल दबत नाहीं. म्हणून हवेचा एक बुडबुडा आला तरी दाब घसरतो, फवारा अशक्त होतो. घरगुती गाडींत यानें गचका बसतो. पूर्ण जोरानें धांवणाऱ्या शर्यतीच्या इंजिनांत मात्र मिश्रणांत पेट्रोल कमी पडलें कीं आंतील उष्णता भलतीच वाढून पिस्टनला भोंक पडल्याचीं उदाहरणें आहेत. वळण तीन-चार सेकंदांचें, आणि इंजिन कायमचें गेलें.

उष्णता हा उपासमारीचा दुसरा मार्ग. ट्रायम्फच्या त्या गाड्यांत विजेचा पंप मागें सामानाच्या कप्प्यांत होता. तो स्वतः तापे. टाकींत पेट्रोल थोडें उरलें असतां तेंच तेंच पेट्रोल फिरून फिरून गरम होई, ओढण्याच्या नळींत वाफ धरे आणि पंप वाफेवर गुरगुरत राही. पंपाभोंवतीं पेट्रोलच्याच नळीचें वेटोळें घालून त्याला थंड ठेवण्याचा उपाय पुढें करावा लागला. आपल्याकडील जुन्या पिढीला वाफेचा हा खेळ नवा नाहीं. मे महिन्यांत बोरघाट चढतांना गाडी बंद पडली म्हणजे बॉनेट उघडून पंपावर ओलें फडकें टाकणारे चालक मीं लहानपणीं कितीतरी पाहिले आहेत. आमच्या एका आप्तांच्या गाडींत याच कामाकरितां एक पंचा राखून ठेविलेला असे.

शर्यतीच्या लोकांना टाकीचें दुखणें सर्वांत आधीं जाणवलें, आणि उपायहि मुख्यतः त्यांनींच रूढ केले. टाकींत आडभिंती घातल्या. त्या भिंतींना एकाच दिशेला उघडणारीं झडपाचीं दारें ठेविलीं, म्हणजे पेट्रोल नळीकडे येईल पण परत जाणार नाहीं. टाकींत स्पंजासारखा सच्छिद्र फोम भरला. त्यामुळें पेट्रोल उसळत नाहीं. हे सर्व उपाय चांगले, पण त्यांनीं तोंड कोरडें पडण्याची वेळ पुढें ढकलली जाते, टळत नाहीं.

टळते ती एका लहानशा उभट भांड्यानें. अर्धा-एक लिटरचें हें भांडें मोठ्या टाकीच्या जवळ बसवितात. साधा कमी दाबाचा पंप टाकींतून पेट्रोल आणून या भांड्यांत सोडतो. त्याला मधून मधून हवा लागली तरी चालते. कांहीं भांड्यांत पेट्रोल कडेनें तिरपें सोडतात, म्हणजे तें गोल फिरतें, जड पेट्रोल भिंतीला लागतें आणि हवा मध्यभागीं गोळा होऊन वरच्या नळीनें टाकींत परत जाते. जोरकस पंप भांड्याच्या तळाशीं लावलेला असतो. त्याला हवा भेटतच नाहीं. इंजिनाच्या उंबऱ्यावर थोडेंसें पेट्रोल सदैव भरून ठेवणारें भांडें! मायबाखची वाटीच ही, नांव बदलून व जागा बदलून परत आलेली. जी निकामी समजून फेंकली तीच पुढें पैसे देऊन विकत घ्यावी लागली, याचें मला मोठें कौतुक वाटतें.

आजच्या घरगुती गाडींत हें भांडें बाहेरून दिसत नाहीं. गेल्या शतकाच्या अखेरीपासून पंप टाकीच्या आंतच, पेट्रोलमध्यें बुडवून ठेवूं लागले. त्यामुळें तो थंडहि राहतो आणि ओढण्याचें कामहि वांचतें. त्याच्याभोंवतीं प्लॅस्टिकची एक बादली असते. वेगानें वाहणाऱ्या पेट्रोलच्या बारीक झोतानेंच टाकींतील इतर पेट्रोल या बादलींत ओढून घेण्याची युक्ति पुष्कळ गाड्यांतून असते. तींत फिरणारा असा एकहि भाग नाहीं. काटा तळाला गेलेला असतांहि आपण वळणें निर्धास्तपणें घेतों तें या बादलीच्या जिवावर.

जुन्या मोटारीला नवें इंजिन बसविणाऱ्यांजवळ ही बादली नसते. टाकी जुन्या काळाची, भूक नव्या काळाची. त्यांत आणखी आजच्या इथेनॉल-मिश्रित पेट्रोलांत जुन्या रबरी नळ्या फुगतात व चिरतात, टाकींतला जुना मळ सुटून गाळणींत अडकतो, आणि गाळणी तुंबली म्हणजे पंप पुन्हां उपाशीं. मुंबई-पुण्याच्या जुन्या मोटारींच्या मेळाव्यांतून फिरतांना रंग आणि चामड्याच्या गाद्या यांवर जितकें बोलणें कानीं पडतें तितकें या नळ्यांवर पडत नाहीं.

माझ्या विद्यार्थ्यानें अर्ध्या लिटरचें अॅल्युमिनियमचें भांडें करवून मागच्या कप्प्यांत बसविलें, आणि पहिल्या खेपेस गाडी तरीहि मेली. एका वळणावर नव्हे, पण वळणावर वळण लागलें तेथें. तो हिरमुसून आला. आम्हीं पुन्हां वही उघडली. त्याचा पंप सेकंदाला सुमारें ३० घन सेंटिमीटर पेट्रोल ओढतो. इंजिन चढावर त्यांतलें फार तर पांच जाळतें. उरलेलें परतीच्या नळीनें मागें येतें. ती परतीची नळी त्यानें मोठ्या टाकींत सोडली होती! म्हणजे टाकीची नळी हवेंत असतां भांडें सेकंदाला तिसानें रिकामें होत होतें. सोळा-सतरा सेकंदांत संपलें. तीच नळी भांड्यांत सोडली तर भांड्यांतून खरोखर कमी होणार तें जळलेलें पांचच, आणि अर्धा लिटर शंभर सेकंद पुरणार. शंभर सेकंदांचें एक वळण सह्याद्रींत कोठेंहि नाहीं.

नळी बदलल्यावर एका रविवारीं सकाळीं आम्ही तिघें निघालों. काटा पावाच्या बराच खालीं होता. मीं मुद्दामच तसा ठेवावयास सांगितलें होतें. पसरणी गांव मागें पडलें आणि चढ लागला. मीं उजवीं वळणें मोजावयास आरंभ केला. पण पांचव्या-सहाव्या वळणानंतर खालीं धोम धरणाचें पाणी दिसूं लागलें आणि माझा आंकडा चुकला. इंजिन एकदांहि खोकलें नाहीं. पांचगणीस गाडी थांबली तेव्हां त्याची आई मागच्या आसनावर गाढ झोंपली होती.